सातव्या डावाचं सूप

पंचमीच्या फुगडीत चौसाळ्याच्या सुनांनी माहेरी आलेल्या लेकींना सलग सहा डाव हरवलं होतं. डाव जिंकणारीनं सूप नाचवायचं, ही तिथली रीत. सातव्या डावात केसरनं आपल्या नणंदेला, वत्सलाला, दमवून खाली बसवलं आणि सूप उचललं. तेवढ्यात तिची सासू, बायनाबाई देशमुखीण, उठली. गावात तिचा शब्द निजामाच्या फर्मानासारखा चालायचा. "बास! लेकी चार दिसांच्या पाव्हण्या. हरलेलीला किती खिजवताल? शरम हाय का न्हाई?" तिनं सूप हिसकावलं. केसर हटली नाही. "जिंकले तर नाचणारच, आत्याबाई. बाकी समदं वरीस मान खाली घालूनच जातंय." धापा टाकत वत्सला उठली. तिनं आईच्या हातातून सूप ओढून घेतलं आणि केसरपुढं धरलं. "कावून अडवतीस, माय? परवा सासरी गेले, की मी बी सूनच हाय."