प्रवेश रद्द

झुलाल आबांनी एका बोटानं आपलं नाव टाईप केलं, मग सांकेतिक शब्द. पडद्यावर उमटलं: प्रवेश रद्द.

"मनं नाव बराबर शे. शब्द बराबर शे. बठ्ठं बराबर शे," आबा म्हणाले. "तरी बाहेरच!"

एकोणीसशे नव्याण्णवच्या उन्हाळ्यात जळगावच्या त्या बियाणे कंपनीत रजिस्टरं जाऊन वेब प्रोग्राम आला होता. तो लिहिला होता आबांच्याच मुलीनं, कलानं. नाव आणि शब्द जुळले तरी आत सोडण्याआधी प्रोग्राम क्षणभर थांबे आणि विचारी, हा प्रवेश रद्द करायचा का? तिथं एक ओळ लिहून ठेवली की माणूस उंबऱ्यावरच.

आबा ओल्या कागदात शंभर बिया गुंडाळत, ठरल्या दिवशी कोंब मोजत; कमी निघाले तर तो सगळा लॉट नापास. प्रोग्राममध्ये त्यांच्या नावानं मंजुरी नसली तर कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीटही गोदामाबाहेर पडत नसे.

"धुळ्याहून भाचीचा साखरपुडा करून आलो अन् हे सुरू झालं," आबा शेजारी बसलेल्या कलाला म्हणाले. "म्हातारा नकोसा झालाय. तोंडावर सांगायची हिंमत नाही त्यांच्यात. पण मी रोज येणार. रोज टाईप करणार."

व्यवस्थापक पितांबर डोकावला. त्याला काम आबांनीच शिकवलेलं. सांकेतिक शब्दही आबांनी त्यालाच विचारून ठरवलेला.

"कलाताई, तीन आठवडे झाले. चूक सापडत नाही? आबांच्या नावावाचून माल अडलाय."

"शोधतेय," कला म्हणाली.

तो गेल्यावर आबा हसले. "वरच्यांनी बंद करायला लावलं, अन् या बिचाऱ्याला विचारायला धाडतात." त्यांनी डबा उघडून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी तिच्यापुढे सारली. "खा. तू का तोंड पाडतेस? तुझी काय चूक?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर निघताना, बुटाची नाडी बांधता बांधता आबा कलंडले. ते उठलेच नाहीत.

तेराव्याला अंगण भरलं होतं. "कंपनीनं आबांना असं दाराबाहेर ठेवायला नको होतं," पितांबर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. मग कलाजवळ वाकला. "ताई, खातं एकदाच उघडून द्या. मागची तारीख टाकू. शेवटचा माल त्यांच्या नावानं जाऊ दे. मान राहील त्यांचा."

कला उभी राहिली. तिच्या हातात प्रोग्राममधल्या नोंदींचा घडी घातलेला कागद होता.

"आबांनी नापास केलेले दोन लॉट त्यांच्याच नावानं मंजूर झालेत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "त्या दिवशी आबा धुळ्याला साखरपुड्यात होते. त्यांचा सांकेतिक शब्द आणखी एकालाच ठाऊक होता."

पितांबर चप्पल शोधू लागला.

"बस, पितांबर. पुढचंही ऐकून जा."

ती आबांच्या फोटोकडे वळली.

"आबा, याला तुम्ही मुलगा मानलात, म्हणून तुमच्यापाशी बोलले नाही. याला तुमच्या नावानं पुन्हा आत शिरू द्यायचं नव्हतं. तुम्हाला अडवणारी ती ओळ कंपनीनं लिहायला लावली नव्हती. तुम्हाला मीच बाहेर ठेवलं होतं."