एंड्रीनचा पेला

"आता जे सांगनार हाय, त्यावर तुमच्यातल्या एकाचाबी विश्वास बसायचा न्हाय," शलमोननं सुरुवात केली, तशी माणसं पत्रावळी घेऊन जवळ सरकली.

गोष्ट बहुतेकांची पाठ होती. पण आज निमित्त मोठं होतं. शलमोनच्या थोमाला सकाळीच पाळकाची दीक्षा मिळाली होती. सोलापूरच्या देवळाच्या आवारात, चिंचेखाली, मंद्रूप, करकंब अशी गावोगावची मंडळी जेवायला बसली होती. मिलमधून सुटल्यापासून शलमोन तिथली घंटा वाजवायचा. घंटेपेक्षा त्याची जीभ लांब ऐकू जाते, असं लोक म्हणत.

नवा पाळक पांढऱ्या झग्यात बापाशेजारीच उभा होता.

"पोराचं नाव थोमा ठेवलं, तितंच चुकलो," शलमोन म्हणाला. "शंका घेनाराचं नाव."

लोक हसले. थोमाही हसला.

दुष्काळ सरला त्या सालची गोष्ट. महिपती मास्तर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि संध्याकाळी चौकात सभा घ्यायचे. अंगारे, ताईत, अंगात येणं, सगळ्यांची सालं काढून झाली, तसा मोर्चा ख्रिस्ताकडं वळला. कॉलेजात जाणारा थोमा त्यांच्या नादी लागला. देवळात यायचा थांबला. आई वारली तेव्हा दफनाला आला, पण प्रार्थनेला मान खाली घातली नाही. बाकीचं शलमोननं पोटात घातलं असतं. ती ताठ मान काही त्याला गिळता येईना.

मग ती सभा झाली. मास्तरांनी कपाशीवर फवारतात त्या एंड्रीनची बाटली आणली होती. पिंजऱ्यातल्या उंदराला चार थेंब पाजले. उंदीर सगळ्यांदेखत तडफडून मेला. मास्तर म्हणाले, ह्यांच्या शास्त्रात लिहिलंय, विश्वास ठेवणाऱ्याला विषही बाधत नाही. आहे का कुणी? चौक हसला. टाळी सगळ्यात मोठी वाजली ती थोमाची.

शलमोन उठला. पुढच्या रविवारी, हितंच, तुमच्याच हातानं, म्हणाला.

"लोकांना वाटलं, म्हातारा विश्वासापायी उठला." शलमोननं डोळे बारीक केले. "विश्वास हुता की. पर पोटात दुसरंच शिजत हुतं. जगलो, तर मास्तराचं तोंड काळं. मेलो, तर त्याच्या हातानं मेलो, मास्तर फासावर. दोनी अंगानं माजीच जीत."

मधल्या आठवड्यात मास्तर घरी आले होते. मी चौकात माफी मागतो, पण हे थांबवू या, म्हणाले. पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. शलमोननं दार लावून घेतलं आणि आतून सांगितलं, तुमी दिलं न्हाय तर बाजारातनं आणून पिईन, आणि मरताना नाव तुमचंच घेईन.

"भ्याला हुता," शलमोन म्हणाला.

रविवारी चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. मास्तरांनी बाटली कुणाच्या हाती दिली नाही. पितळी पेल्यात स्वतः ओतलं. शलमोननं प्रभूचं नाव घेतलं आणि पेला एका दमात रिकामा केला.

"कडू. कडूजहर. घशापास्नं बेंबीपतोर निखारा!"

आणि तो उभाच राहिला. चौक त्याच्या पडण्याची वाट बघत होता. पडला नाही. उलट ओरडला, कुणाला अजून शंका असंल तर दुसरी बाटली आणा, ती बी पितो. मास्तर काहीतरी बोलायला गेले, त्याच्याकडं बघितलं, आणि तोंड मिटून घेतलं.

एवढ्यावर थांबेल तो शलमोन कसला. पेल्याच्या काठाला थेंब राहिले होते, त्यांवर मुंग्या लागल्या, ही लांबच्या लांब रांग. एकही मेली नाही.

"प्रभूनं मुंगीलाबी राखलं," तो म्हणाला. बायकांनी हात जोडले.

पुढचं तो चवीनं सांगायचा. मास्तरांच्या तोंडाला काळं फासलं. चपलांचा हार घातला. शाळेनं नोकरी काढून घेतली, मालकानं घर रिकामं करून घेतलं, आणि मास्तर सोलापुरातून गेले ते गेले. थोमानं त्याच चौकात बापाचे पाय धरले.

"मान खाली घातली पोरानं. आज बगा, देवाच्या कामाला लागला."

"मास्तरांची दया न्हाय आली?" करकंबच्या बायकांमधून कुणीतरी विचारलं. डोईवरचा पदर पार कपाळावर ओढून बसलेली बाई होती.

"सूडात दया कसली, बाई? हार घालत हुते तवा माज्या एका शब्दानं थांबले असते. म्या शब्द काडला न्हाय. गार पानी मागितलं आणि पीत बगत बसलो."

बाई उठून उभी राहिली.

"चव कशी हुती म्हनालात, शलमोनदादा?"

"सांगितलं की. कडू. कडूजहर."

तिनं पदर मागं सारला. थोमानं तिला बापाच्या आधी ओळखलं.

"मास्तरीणबाई," तो पुटपुटला.

"कडू कसं लागंल, दादा?" वच्छलाबाई म्हणाल्या. "हे म्हनाले, म्हातारा हट्टी हाय, पिनार म्हंजे पिनारच, निदान पानी तरी गोड लागू दे. मूठभर साखर म्या माज्या हातानं ढवळली की त्या बाटलीत."