मॅकच्या पोटातलं विंडोज

मीटिंगमध्ये झाकणावरचं सफरचंद समोरच्याला दिसावं, म्हणून आमच्या चाकणच्या प्लँटच्या साहेबांनी मॅक घेतला. मशीनचे प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, हे त्यांना नंतर कळलं. शेवटी इंजिनिअर साबियाने मॅकच्या आतच विंडोज बसवून दिलं.

"म्हणजे आता हे मॅकचंच झालं ना?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, ते नुसतं आत राहून काम करतं. मेमरी आपण देऊ तेवढीच. नको झालं की एका क्लिकमध्ये बाहेर."

साहेब खदाखदा हसले. "आणि बिचाऱ्याला वाटत असेल, सगळा लॅपटॉप आपलाच!"



पाच वर्षं कंपनीचा शर्ट घालून ठेकेदाराच्या मस्टरवर सही करणारी साबिया म्हणाली, "वाटतं सर, सुरुवातीला."