जेवणानंतरचा तास

“कट. सर, वर्गाला जांभया आल्या पाहिजेत,” दिग्दर्शक पुन्हा म्हणाला. “जमत नसेल तर दुसरा नट बोलावतो.”

निवृत्तीनंतर चित्रपटांत शिरलेले मराठीचे प्राध्यापक सोनटक्के सर चपापले. कंटाळवाण्या प्राध्यापकाची ही त्यांची पहिलीच बोलकी भूमिका. ‘तुमचं नेहमीचं शिकवा,’ एवढीच सूचना होती. नोकरीभर त्यांच्या तासाला पोरं विनासायास जांभया देत आली. आज मात्र रोजंदारीवर आणलेले विद्यार्थी हनुवटीला हात लावून, नवऱ्याने रानात सोडलेल्या राणीची जुनी कथा ऐकत होते.

“जांभई येईल कशी साहेब?” विद्यार्थिनी दिसावी म्हणून दोन वेण्या घातलेली चाळिशीची शालन म्हणाली. “मेला झोपेत टाकून पळाला हो तिला.”

सर सुखावले, पण भूमिका हातची जात होती. “आधी जेवण द्या,” ते दिग्दर्शकाला म्हणाले. “मग पंखे बंद करा आणि माझा तास लावा.”

दुपारी पहिल्याच टेकला अख्ख्या वर्गाने जांभई दिली. शॉट ओके झाला, पॅकअप झालं, चहा आला. वर्ग मात्र उठेना.

“हं सर,” शालन डोळे चोळत म्हणाली, “राणी जागी झाली. मग?”