टर्कीच्या पोटातलं सारण

श्रीरंगभावजींनी ग्लासवर चमचा वाजवला. म्हणजे अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंग सणाचं जेवण बाजूला राहिलं आणि हेमलताचा पंचवीस वर्षांपूर्वीचा किस्सा सुरू झाला.

पहिल्या वर्षी किस्सा एका घासाचा होता : शाकाहारी वहिनी टर्की पक्ष्याच्या पोटात शिजवलेलं पावाचं सारण खातात.

पाचव्या वर्षी घासाची वाटी झाली.

दहाव्या वर्षी वहिनींनी बोटं चाटली.

“आणि मग वहिनी म्हणतात काय,” भावजी आज म्हणाले, “मला कृती लिहून द्या!”

टेबलाभोवती हशा पिकला. कृतीबिती कुणी मागितली नव्हती. खरं कळल्यावर हेमलता बाथरूममध्ये ओकत बसली होती. पण तेवढ्यावर लोक पंचवीस वर्षं कसे हसणार? तिचा नवरा दिनकर तर आताही डोळे पुसत हसत होता.

नवी सून मात्र हसली नाही. “पण आई, ते शाकाहारी आहे असं तुम्हाला सांगितलं कुणी?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही शहाण्याला पडला नव्हता.

“ह्यांनी,” हेमलता म्हणाली. “दोनदा विचारलं मी. दोन्ही वेळा म्हणाले, नुसता पाव आहे, खा.”

दिनकर ताटात बघू लागला. भावजींना एकदम घाई झाली. “बरं, ते विमानतळावरचं सांगू का?”

“थांबा भावजी. आजवर तुम्ही सांगितलंत, आता हे सांगतील.” ती नवऱ्याकडे वळली. “सांगा हो, का म्हणालात तसं? हसायला सगळे बसलेच आहेत.”