मेलेल्याची देणगी

लाकडाच्या गिरणीत करवतीखाली सापडून आयव्हर गेला, तेव्हा गिरणीमालक ब्रेकीने सरळ हात वर केले. "तो आमचा नोकर नव्हताच. भरपाई कसली?"

चार महिन्यांनी आयव्हरच्या बायकोच्या, लॉर्नाच्या हातात आमदारकीच्या उमेदवाराचं आभारपत्र पडलं. 'देणगीदार आयव्हर, नोकरी ब्रेकी गिरणी.' अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात एका माणसाने किती देणगी द्यावी याला मर्यादा आहे, म्हणून ब्रेकीने आपलेच डॉलर कामगारांच्या नावांनी दिले होते.

लॉर्नाने पत्र त्याच्या नाकासमोर धरलं. "मेल्यावर बरा नोकर झाला?"

ब्रेकीने घाईघाईने चेक लिहून पुढे केला. "होता बाई, नोकरच होता! पूर्ण भरपाई घे, पण हे निवडणूक कार्यालयात नेऊ नकोस."

चेक पर्समध्ये टाकून लॉर्ना उठली.



"साहेब, मी तिकडूनच येतेय."