मानेचं वळण

तीन महिन्यांत नलिनी खर्शीकरांची मान दुखायची पूर्ण थांबली, आणि त्याचाच त्यांना संशय येऊ लागला. पुलांचे नकाशे तपासणाऱ्या त्यांच्या ऑफिसात प्रत्येकाच्या मानेवर कंपनीने दिलेली पट्टी होती. मान चुकीची हलली की पट्टी थरथरायची. "हळूहळू मानेला वळण लागेल," असं ती लावून देणारी मुलगी म्हणाली होती.

त्या दिवशी सकाळी बाईंनी आरशासमोर होकार देतात तशी मान दहा वेळा वर-खाली केली. पट्टी गप्प. मग नकार देतात तशी डावी-उजवीकडे हलवली, तर पट्टी लगेच थरथरली.

"भोईटे, या पट्टीत काहीतरी काळंबेरं आहे," ऑफिसात त्यांनी शेजारच्या टेबलाकडे वळून सांगितलं. "तुम्ही साहेबांना शेवटचं 'नाही' कधी म्हणालात?"

"तुमचं आपलं काहीतरीच, बाई! मान दुखायची थांबली ना?"

दुपारच्या बैठकीत साहेबांनी नवा नकाशा मांडला. पुलाच्या खांबांतली सळई निम्मी केली होती. "पास करायचा ना?" त्यांनी विचारलं. नंदीबैलासारख्या अकरा माना डोलल्या.

हा पूल टिकणार नाही, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पट्टी ओरबाडून काढली आणि टेबलावर आपटली.

साहेब मुळीच रागावले नाहीत. "बोला खर्शीकरबाई, पास ना?"

तोंडातून शब्द फुटायच्या आधीच बाईंची मान हलली. वर, खाली. पुन्हा वर, खाली.

"छान," शिक्का उचलत साहेब म्हणाले. "वळण लागलं की पट्टी लागत नाही."